पुन्हा पुन्हा निखळणारा खांदा

एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा का निखळतो? सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या, हिपोक्रॅटिसच्या नावे असलेल्या ग्रीक ग्रंथात यावर उपाय आहे : काखेत तापल्या लोखंडाने डागायचे. व्रण आवळला की हाडाला घसरायला जागा उरणार नाही! उपाय भयंकर, पण तर्काला धरून.

खुब्याची खोबण खोल असते, खांद्याची बशीसारखी उथळ. म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच सटकतोही. या बशीला कूर्चेची कड असते. ती पुढच्या बाजूने हाडापासून सुटली की आपोआप चिकटत नाही, असे लंडनचे शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ मध्ये मांडले. ते ही कड हाडाला पुन्हा शिवत. ती शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.