नदीवाचून देश : लिबिया

भोपाळच्या गोविंदपुरा भागातील हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी राष्ट्राला अर्पण केला. धरणाच्या पाण्यावर फिरणारी टर्बाइने ही त्याची ख्याती. १९७४ मध्ये ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ह्या संस्थेने ज्या परदेशात वीजकेंद्राचे मोठे काम अंगावर घेतले, त्या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही! तो देश लिबिया. त्रिपोलीचे ते केंद्र अर्थातच वाफेवर चालणारे आणि समुद्राकाठी बांधलेले.

लिबियाचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पटींहून अधिक. लोकसंख्या मात्र ७० लाखांच्या आसपास. नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी वाळवंट असल्यामुळे बहुतेक वस्ती भूमध्य समुद्रालगतच्या चिंचोळ्या पट्टीत एकवटली आहे. त्रिपोलीच्या दक्षिणेस नफुसा डोंगर आणि पूर्वेस, बेंगाझीपलीकडे, जबल अल अखदर म्हणजे हिरवा डोंगर. हिवाळी पाऊस पडतो तो मुख्यतः ह्या दोन टापूंत. दोहोंच्या मध्ये, सिर्तच्या आखातापाशी, वाळवंट थेट समुद्राला भिडते.

ह्या वाळूनेच लिबियाचा इतिहास दुभंगला. पश्चिमेकडील त्रिपोलितानियात फिनिशियनांनी व्यापारी ठाणी वसविली, पूर्वेकडील सायरेनेइकात ग्रीकांनी. दक्षिणेकडील फेझानचे जीवन मरूद्याने आणि उंटांचे तांडे यांवर अवलंबून राहिले. १९११ मध्ये चालून आलेल्या इटलीने पुढे तिन्ही प्रांतांना लिबिया हे एक नाव दिले; नावाने अंतर थोडेच मिटते?

फौजांनाही किनारपट्टी सोडून फार दूर जाता येत नसे. पाणी, पेट्रोल, दारूगोळा सारे बंदरातून यावयाचे. म्हणून तोब्रुकच्या खोल, सुरक्षित बंदरासाठी दुसऱ्या महायुद्धात एवढा रक्तपात झाला. २० जून १९४२ रोजी रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर जो घाव घातला, तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीच्या फळीवर कोसळला. तेथील रणगाडाविरोधी खंदक वाळूने बुजत आले होते आणि पेरलेले सुरुंग बऱ्याच ठिकाणी आधीच उचलले गेले होते. दुसऱ्याच दिवशी ठाणे पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. तोब्रुकच्या पाडावाची चर्चा करताना सेनापतींचीच नावे घेतली जातात. त्या फळीवरचा मराठा शिपाई सहसा कोणाला आठवत नाही.

२४ डिसेंबर १९५१ रोजी राजे इद्रिस यांच्या अधिपत्याखाली लिबिया स्वतंत्र झाला, तोही संघराज्य म्हणून आणि त्रिपोली व बेंगाझी अशा दोन राजधान्यांसह. १९५९ मध्ये झेल्तेन येथे तेलाचा मोठा साठा सापडला आणि दरिद्री देश धनवान झाला. १९६३ मध्ये संघराज्य मोडून एकच राज्य करण्यात आले; १९६९ मध्ये गद्दाफींनी सत्ता बळकाविली. २०११ साली ती राजवट कोसळली, आणि पूर्व-पश्चिम ही जुनी फूट पुन्हा उघडी पडली.

तेलाच्या पैशातून मात्र एक विलक्षण काम झाले. सहारा हिरवा होता त्या काळातील पावसाचे पाणी वाळवंटाखालच्या खडकांत हजारो वर्षे साठून आहे. ते नळांवाटे किनाऱ्यावर आणण्याची योजना १९८४ मध्ये सुरू झाली. १९९६ मध्ये ते पाणी त्रिपोलीला पोहोचले. ते उपसणारे पंप विजेवर चालतात. वीज तुटली की त्रिपोलीचे नळ कोरडे पडतात, आणि भूगर्भातील त्या साठ्यात नव्या पावसाची भर जवळजवळ पडत नाही.