फ्रंट खेळाडू (पेंटबॉल)

पेंटबॉलच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत जवळचा आडोसा गाठून तिथून लढणारा खेळाडू. हवा भरलेल्या बंकरांच्या मैदानावर आज बहुधा पाच-पाच जणांचे संघ उतरतात. मागून मारा करणारे ते बॅक, मधले ते मिड आणि पुढे घुसणारे ते फ्रंट. मैदानाच्या एका कडेला बुटक्या बंकरांची लांब रांग असते, तिला स्नेक म्हणतात. दुसऱ्या कडेच्या त्रिकोणी बंकरांना मक्याच्या चिप्सवरून डोरिटो हे नाव पडले. फ्रंटचा मुक्काम बहुतेक या दोन कडांवरच.

फ्रंट म्हणजे नुसता वेगवान धावपटू, हा समज अपुरा आहे. डाव सुरू होताच प्रतिस्पर्धी त्याच्या वाटेवर आधीच ठरवलेल्या रेषेत गोळ्यांची धार धरतात. तिला लेन म्हणतात. इथे गोळी खेळाडूला शोधत नाही, खेळाडूच तिच्यात शिरतो. म्हणून वेगाइतकीच धावेची लय मोडता येणे आणि पळता पळता उलट मारा करणे महत्त्वाचे. शेवटी खो-खोतल्यासारखा सूर मारून आडोसा गाठायचा, पण हातातला मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, मातीत न खुपसता.

आडोशामागे अंग चोरून बसणे ही वेगळीच विद्या. गुडघा, कोपर, इतकेच काय मार्करवरच्या हॉपरवर, म्हणजे गोळ्यांच्या डब्यावर, गोळी फुटली तरी खेळाडू बाद होतो. डोकावून एक-दोन गोळ्या झाडायच्या आणि लगेच आत यायचे, याला स्नॅप शूटिंग म्हणतात. पुढच्या वेळी त्याच उंचीवरून डोकावणारा फार काळ टिकत नाही. नवखे सर्वाधिक दुर्लक्ष करतात ते हात बदलण्याकडे. उजव्या हाताचा खेळाडू बंकरच्या डाव्या बाजूने उजव्याच हाताने मारू लागला, की निम्मे अंग उघडे पडते. स्नेकमध्ये तर दोन्ही हात सारखेच चालावे लागतात.

स्नेकमध्ये सरपटणाऱ्याला मैदान फारसे दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे मागच्या बॅकची आरोळी. कोण कुठे आहे, किती बाद झाले, हे ऐकून मनात आकडा धरायचा आणि कडेवरून मिळणाऱ्या तिरक्या कोनाचा फायदा घ्यायचा. नुसत्या गोळ्यांनी हा खेळ जिंकला जात नाही, याची साक्ष पहिल्याच सामन्यात मिळते : 27 जून 1981 रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जण खेळले आणि रिची व्हाइट या वनकर्मचाऱ्याने एकही गोळी न झाडता जिंकण्यासाठी लागणारे सगळे झेंडे गोळा केले. त्या वेळचे मार्करही मुळात झाडांवर खुणा करण्यासाठी वापरले जाणारे.

फ्रंटची सर्वांत धाडसी चाल म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याच्या बंकरवर धावून जाऊन त्याला जवळून टिपणे. यात तो स्वतःही अनेकदा बाद होतो. एकाच्या बदल्यात एक गेला तर हिशेब बरोबरीचा; जाता जाता दुसराही टिपला, तर पारडे त्याच्या संघाकडे झुकते.