चित्र हीच संहिता : ‘चांदोबा’तील अद्भुत कादंबरी आणि उपनगरी वाचक

मराठी कादंबरीच्या समीक्षेचा आरंभ अद्भुताविषयीच्या तक्रारीने झाला, याचे विस्मरण सहसा होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) वाचकांनी आवडीने वाचल्या. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी मात्र १८७२ च्या आपल्या नावल-नाटकविषयक निबंधात या जातीच्या लेखनातील असंभाव्यतेवर बोट ठेवले. तेव्हापासून एक विभागणी रूढ झाली. वाचकाने अद्भुत वाचावे आणि समीक्षकाने त्याबद्दल त्याला क्षमा करावी किंवा करू नये. वाचक अल्पवयीन असला की ही विभागणी अधिकच पक्की होते, कारण त्याचे मत त्याच्या वतीने वडीलधारेच देतात. ‘संस्कारक्षम’ आणि ‘मनोरंजक’ ही बालसाहित्यसमीक्षेतील दोन्ही लाडकी विशेषणे पालकांच्या दृष्टिकोनातून घडलेली आहेत.

या पार्श्वभूमीवर ‘चांदोबा’तील सचित्र धारावाहिक कादंबऱ्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेल्या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. मुंबईच्या उपनगरांचा आजचा आकार सिद्ध होण्याचाही हाच काळ होता. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत सरकली आणि अंधेरी, घाटकोपर शहरात आले. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडला भिडली आणि बोरिवलीचा समावेश झाला. गिरगाव-दादरच्या चाळींतून आणि कोकण-देशावरून येथे स्थिरावलेल्या कुटुंबांत पुस्तक विकत घेणे हा अपवाद होता. मासिक मात्र स्थानकावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर मिळे, शेजारी मागे, आणि अखेर रद्दीच्या दुकानातून नव्या वाचकाकडे जाई. रद्दीवाल्याने मराठी वाचनसंस्कृतीची केलेली सेवा अद्याप कोणत्याही वाङ्मयेतिहासात नोंदली गेलेली नाही.

या धारावाहिकांचा कर्ता कोण? तेलुगूत १९५४ साली सुरू झालेल्या ‘तोकचुक्क’ (धूमकेतू) या कादंबरीपासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ मांत्रिक, राक्षस, पाताळदुर्ग आणि ज्वालाद्वीपे यांची ही सृष्टी प्रामुख्याने दासरी सुब्रह्मण्यम (१९३२–२०१०) यांनी निर्माण केली. ते मासिकाच्या संपादकवर्गातच होते. धारावाहिकावर त्यांचे नाव छापले जात नसे; मराठी रूपांतर करणाऱ्याचेही नसे. चित्राच्या कोपऱ्यात मात्र एक सही असे : ‘चित्रा’. ही सही राघवन यांची. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कथेच्या जवळजवळ प्रत्येक पानावर त्यांचे चित्र असे. बारीक, ठाम बाह्यरेषा, अंगावर दाटलेली आभूषणे आणि शस्त्रे, मानवी देहावर बेतलेले पशुमुख.

म्हणजे मराठी वाचकासमोर संहिता आली ती अशी की, शब्दांना कर्ता नाही आणि चित्राला आहे. या स्थितीचे वाचकाच्या मतावर काय परिणाम झाले, हा येथील खरा प्रश्न. ‘चांदोबा’ वाचून मोठ्या झालेल्यांच्या आठवणींत कथानकाचा तपशील बहुधा विसविशीत असतो. खड्गवर्मा-जीवदत्त या जोडीचे नाव आठवते, त्यांनी नेमके काय साधले ते आठवत नाही. पण राक्षसाचे शिंग, गुहेच्या तोंडाशी वाकलेला वृक्ष, हाती मशाल घेतलेला सेवक हे स्पष्ट दिसत असते. २०२० मध्ये चित्रकार शंकर (के. सी. शिवशंकरन) निवर्तले तेव्हाही ठिकठिकाणच्या मृत्युलेखांतून पुढे आले ते खांद्यावर वेताळ घेतलेल्या विक्रमाचे चित्र. ‘चांदोबा’तील वेताळकथांमागचे प्रमुख लेखक व मासिकाचे दीर्घकाळचे संपादक कोडवटिगंटी कुटुंबराव यांचे नाव मराठीत क्वचितच घेतले जाते.

याला भाबडे स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे आणि त्या आक्षेपात तथ्यही आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाची आठवण हे दहा वर्षांच्या वाचकाचे मत नव्हे. शिवाय मराठी ‘चांदोबा’चे गद्य अनेकदा बोजड, अनुवादाचे सांधे दिसणारे असे, आठवणीत त्या गद्याला जी झळाळी येते ती बरीचशी चित्रांकडून उसनी घेतलेली असते. परंतु नेमकी हीच गोष्ट विचारात घ्यायला हवी. जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांवरील निबंधात, चित्रे स्वतंत्रपणे कितीही चांगली असली तरी परीकथेचे ती फारसे हित करत नाहीत, असे मत नोंदवले. ब्रूनो बेटेलहाइम यांनीही १९७६ मध्ये, सचित्र परीकथा मुलाच्या कल्पनेला परक्या वाटेने नेतात, असाच आक्षेप घेतला. इझर यांच्या परिभाषेत बोलायचे तर संहितेतील ‘रिकाम्या जागा’ वाचकाने भरायच्या असतात आणि चित्रकार त्या आधीच भरून टाकतो.

‘चांदोबा’चा अनुभव या सिद्धान्ताला पुरता बसत नाही. धारावाहिकाचा हप्ता संकटाच्या टोकावर थांबे आणि पुढचा अंक महिन्याने येई. या महिनाभरात वाचकाच्या हाती शब्द संपलेले असत. चित्र उरलेले असे. ते पुन्हा पुन्हा पाहिले जाई, वहीत गिरवले जाई, त्यातून पुढच्या घटनेचे तर्क केले जात. येथे चित्राने रिकामी जागा बुजवली नाही, मुक्कामाला दिली.

उपनगराचा एक विशेष येथे प्रस्तुत ठरतो. घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींत मराठी, गुजराती, तमिळ, कच्छी कुटुंबे एकाच जिन्यावर राहत आली आहेत. ‘चांदोबा’, ‘अंबुलिमामा’, गुजराती व हिंदी ‘चांदामामा’ यांतून तीच कादंबरी थोड्याफार अंतराने, भिन्न भाषांत, पण त्याच चित्रांनिशी प्रसिद्ध होई. शेजारच्या घरातील अंकाची लिपी वाचता न येणाऱ्या मुलालाही कथा कोठवर आली आहे हे कळू शकत होते. हान्स रॉबर्ट याउस ज्याला वाचकाचे अपेक्षाक्षितिज म्हणतात, ते एका भाषेच्या वाङ्मयपरंपरेतून घडते असे आपण गृहीत धरतो. या वाचकाचे क्षितिज मराठी कथापरंपरेइतकेच मद्रासच्या एका चित्रशाळेने घडवले होते. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात ‘चांदोबा’ला मिळालेली अंग चोरून बसण्यापुरती जागा या अनुवादित, परप्रांतीय जन्मामुळेच असावी.

वाचकांत मुलीही होत्या, आणि त्यांचे मत काय असेल याचा तर्क चित्रांवरूनच करावा लागतो. साहस पुरुषांच्या वाट्याला, आणि राजकन्या पुष्कळदा सुटकेची वाट पाहणारी. तरीही भयंकर मांत्रिकाचे चित्र पाहण्याचा हक्क दोघांना सारखाच होता. बोधकथांच्या पुस्तकांत मुलींना हा हक्क सहसा मिळत नसे.

२००७ मध्ये मासिक मुंबईच्या जिओडेसिक कंपनीकडे गेले आणि काही वर्षांतच बंद पडले. सुब्रह्मण्यम यांच्या कादंबऱ्यांना तेलुगूत लेखकाच्या नावानिशी पुस्तकरूप लाभले. मराठी वाचकाचे समकालीन, लिखित मत शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र अंकातील एका दुर्लक्षित सदराकडे वळावे लागेल : दोन छायाचित्रांना जोडीने मथळे देण्याची मासिक स्पर्धा. कार्डावर लिहून पाठवायचे, निवड झाल्यास छोटेसे रोख पारितोषिक. विजेत्याचे नाव आणि गाव छापले जाई. ज्या मासिकाने आपल्या कादंबरीकाराचे नाव छापले नाही, त्याने चित्राला शब्द देणाऱ्या वाचकाचे नाव, त्याच्या चार-पाच शब्दांसह, दर महिन्याला छापले आहे.