चावीविना आलेला फोन

कोकणातल्या मुसलमानांच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात आखाताला मोठी जागा आहे. पासपोर्ट, व्हिसा, ड्राफ्ट आणि गावात उभी राहिलेली स्लॅबची घरं यांवर आपण भरपूर बोलतो. पण गेलेल्या माणसाचा आवाज घरी कसा पोचत होता, यावर फारसं कोणी लिहीत नाही. नवव्या-दहावीची मुलं तर विचारतात, "सर, पीसीओ म्हणजे काय?" म्हणून वर्गात दाखवायला मी मुंबईच्या मटन स्ट्रीटवरून एक रुपयाचं नाणं घेणारा जुना लाल फोन विकत घेतला. बाराशे रुपये पडले. रिसीव्हर शाबूत, बटणं शाबूत, दोन कुलुपं आणि चावी एकाचीही नाही. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "चाबी तो मालिक के पास रहती थी, मास्टर. भंगार में डब्बा आया, मालिक थोड़े ही आया."

जुने पीसीओ घेणाऱ्यांना बहुतेक वेळा असाच अनुभव येतो, आणि त्यामागचं कारण या यंत्राच्या जन्माइतकं जुनं आहे. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात एका बँकेत विल्यम ग्रे यांचा नाण्याचा फोन बसला. बोलून झाल्यावर पैसे टाकायचे आणि नाणं पडल्याचा आवाज ऑपरेटरने ऐकायचा, अशी रीत होती. पुढे तिकडच्या कंपन्यांनी यंत्राची चावी आणि गल्ल्याची चावी वेगळी केली. दुरुस्तीवाला फोन उघडू शकत होता, पण पैशाला हात लावू शकत नव्हता. पैसे नेणारा बंद पेटीच उचलून नेत होता. माझ्या डब्याचं एक कुलूप वरच्या झाकणाचं आहे, दुसरं खालच्या गल्ल्याचं. रचना तीच. रस्त्यावर कोणालाही वापरू द्यायचं आणि विश्वास मात्र कोणावरच ठेवायचा नाही, अशा हिशोबाने ही वस्तू घडली आहे. मग चावी वस्तूबरोबर कशी येणार?

आपल्याकडे फोन ही फार काळ मोठ्यांच्या घरची चीज होती. १९८१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ६८ कोटी होती आणि टेलिफोन जोडण्या पंचवीस लाखांच्याही आत. ऑपरेटरशिवाय दुसऱ्या शहराला थेट फोन लावायची एसटीडी सोय १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली होती, पण सामान्य माणूस ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास बसून राही. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदा आणि राजीव गांधी यांची नावं या बदलाशी जोडली जातात, ते रास्तच आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पिवळी पाटी: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. घरोघरी फोन देणं जमत नव्हतं, तेव्हा नाक्यावरचा एक फोन सगळ्या मोहल्ल्याचा झाला. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली.

लाल डब्याचं काम वेगळं. त्यावरून कुवेत लागत नसे. पण कुवेतला जायच्या आधी तोच लागायचा. माझे मामू डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत व्हिसाची वाट पाहत राहिले होते. रोज सकाळी एक रुपया टाकून एजंटच्या ऑफिसला फोन आणि रोज तेच उत्तर, "कल फोन करो." मिनिट संपत आलं की डबा टूं-टूं करायचा. खिशात दुसरा रुपया नसेल तर बोलणं तिथेच तुटायचं.

मामू गेल्यावर आमचा संबंध पिवळ्या पाटीशी आला. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होई, तेव्हा बूथबाहेर रांग लागे. आखातातून फोन आला की बूथवाला पोराला पिटाळायचा, नानी डोक्यावर ओढणी घेत धावत यायची. काचेच्या केबिनचं दार कधी नीट लागत नसे, त्यामुळे घरातलं आजारपण, कर्ज, रुसवे सगळ्या रांगेला ठाऊक. यात आपुलकी होती, हे खरं. पण बाईमाणसाला आपल्या नवऱ्याशी दोन शब्द एकांतात बोलता येत नव्हते, हेही खरं. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना आपण हे दुसरं सोयीस्करपणे गाळतो.

मी उर्दू शिकवतो. गालिबचं खासगी जगणं आपल्याला कळतं ते पत्रांमुळे. त्यांच्या पत्रांचे संग्रह १८६८-६९ मध्येच छापले गेले. आमच्या घरीही मामूंची सुरुवातीची पत्रं आहेत, टेप करून पाठवलेल्या दोन कॅसेट आहेत. फोन आला आणि पत्रं थांबली. त्यानंतरच्या वर्षांचं आमच्याकडे काहीच नाही. यंत्राने नोंद ठेवली ती फक्त पैशाची: बूथच्या छापील चिठ्ठीवर नंबर, वेळ आणि रक्कम. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, २००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि बूथ एकेक करून झेरॉक्सची दुकानं बनले.

आता कुलुपाचं. ड्रिल मारून डबा पाच मिनिटांत उघडेल, पण मग तो दाखवण्याजोगा राहणार नाही. चावी नळीसारखी गोल लागते. भेंडी बाजारातल्या एका चावीवाल्याने वेळ लागेल, पण बनवून देतो असं सांगितलं आहे. डबा हलवला की आत एक नाणं वाजतं. मुलांनी आजचा रुपया टाकून पाहिला. तो डब्याने घेतला नाही. जुना रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ मध्ये आलेला साधारण २२ चा.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी बूथ होता का? असेल तर चिठ्ठ्यांचे गठ्ठे, उधारीची वही, निरोप लिहून ठेवलेले कागद रद्दीत देऊ नका. मला निदान पाहायला द्या. उधारीच्या वहीत नावं असतात.