सरठातील फसवा तारा

जर्मन ज्योतिर्विद कूनो हॉफमाइस्टर यांनी १९२९ साली सरठ तारकासमूहातील एका मिणमिणत्या बिंदूची नोंद रूपविकारी तारा म्हणून केली. जवळजवळ चाळीस वर्षे ती कोणाला खटकली नाही. १९६८ साली तोच बिंदू रेडिओलहरींचा उगम असल्याचे आढळले; परंतु त्याच्या वर्णपटात एकही रेषा दिसेना. रेषाच नाहीत, तर अंतर काढावयाचे कशावरून?

१९७४ साली ओक आणि गन यांनी पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीवर योजिलेली युक्ती मला त्या दुर्बिणीहूनही थोर वाटते. डोळ्यांवर ऊन आले म्हणजे आपण हात आडवा धरतो; तसा त्यांनी तेजस्वी केंद्राचा प्रकाश अडविला आणि भोवतालच्या अंधुक वलयाचा तेवढा मोजला. अर्थात केंद्राचा थोडा उजेड वलयात सांडतोच. तो हिशेबाने वजा करावा लागतो. उरलेल्या प्रकाशात असंख्य ताऱ्यांच्या शोषणरेषा उमटल्या, त्याही तांबड्या टोकाकडे सुमारे ७ टक्के सरकलेल्या. म्हणजे तो तारा नव्हताच! सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेचे ते धगधगते केंद्र होते. कित्येकांना हे पटेना. १९७८ साली मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांनी ती शंका फिटली. बीएल लॅसर्टी हे ताऱ्याचे नाव मात्र त्याला अद्याप चिकटून आहे.