उथळ पाण्यातला तोल
(प्रस्तावना)

मालवणला डायव्हिंग उथळ पाण्यात चालते, म्हणजे ते सोपे आणि बिनधोक, हा समज किनाऱ्यावर चांगलाच मुरला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे किंवा तारकर्ली-देवबागच्या समोर पर्यटकाला जेमतेम पाच ते दहा मीटर खाली नेतात. एवढ्याशा पाण्यात भीती कसली, असे पैसे भरणाराही म्हणतो आणि त्याला होडीत बसवणाराही. स्कूबाचा हार्नेस, म्हणजे टाकी अंगावर बांधायचा साज, आणि पाण्यातला तोल या विषयात वाचकाचे स्वागत करताना पहिल्याच पानावर मला हा समज दूर करायचा आहे. तोल सांभाळायला सर्वांत अवघड पाणी वरच्या दहा मीटरांतले असते, आणि मालवणच्या बहुतेक डाइव्ह त्याच दहा मीटरांत होतात.

याचे कारण शाळेच्या पुस्तकात आहे. पृष्ठभागावर दाब सुमारे १ बार असतो आणि समुद्रात दर १० मीटर खोलीला आणखी १ बार चढतो. दाब वाढला की त्या प्रमाणात वायूचे आकारमान घटते, हा रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम. आता ३० मीटरवरचा डायव्हर ५ मीटर वर आला, तर दाब ४ बारवरून साडेतीनवर येतो आणि त्याच्या अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमधली हवा साधारण १४ टक्के फुगते. तोच ५ मीटरवरून पृष्ठभागावर आला, तर दाब दीड बारवरून एकवर येतो आणि हवा तब्बल ५० टक्के फुगते. अंतर तेच, फुगणे मात्र साडेतीन पट. फुप्फुसांतल्या हवेलाही हाच नियम लागू आहे. श्वास रोखून दीड-दोन मीटर जरी वर आले तरी फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम तरणतलावातही तितक्याच कडकपणे पाळावा लागतो.

आर्किमिडीजने सांगितलेले प्लावक बल, बॉइलचा दाब आणि माणसाचा श्वास या तिघांचा मेळ म्हणजे डायव्हर ज्याला ‘बॉयन्सी’ म्हणतात ती. कोकणातल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. रापणीच्या जाळ्याच्या वरच्या दोराला बुया असतात आणि खालच्या दोराला शिसे. दोन्हींचे माप जमले तरच जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. डायव्हरच्या अंगावरही शिसे असते आणि पाठीला हवेची पिशवी असते. फरक एवढाच की डायव्हरची बुई खोलीप्रमाणे लहान-मोठी होत राहते, म्हणून तिच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

शिशाचे एक गणित इथेच मांडतो, कारण पुढची अर्धी प्रकरणे त्यावर उभी आहेत. एखाद्याच्या कमरेला गरजेपेक्षा ४ किलो जास्त वजन बांधले. पाण्यात स्थिर राहायला त्याला जॅकेटमध्ये साधारण ४ लिटर जादा हवा भरावी लागेल. हा माणूस ५ मीटरवर आहे. वरून लाट गेली, किंवा त्याने घाबरून दोन पाय मारले आणि तो २ मीटरवर आला. दाब दीड बारवरून १.२ वर उतरला आणि ४ लिटरचे ५ लिटर झाले. म्हणजे कोणीही हवा भरायचे बटण न दाबता त्याला १ किलोची वर जाणारी ओढ लागली. तिने तो आणखी वर जातो, हवा आणखी फुगते, ओढ आणखी वाढते. ‘जास्त वजन म्हणजे जास्त सुरक्षित, माणूस खाली तरी राहील’ या विचारातला धोका हा असा आहे. लाटेत पाहुणा हलू नये, फोटो नीट यावा म्हणून शिशाचा एक ठोकळा जास्त चढवण्याची सवय उथळ पाण्याच्या पर्यटनात सहज लागते. ती मोडायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आज आपण जिला बीसीडी किंवा नुसते जॅकेट म्हणतो ती वस्तू स्कूबाच्या जन्मावेळी नव्हती. झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये ॲक्वा-लंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले. तेव्हाचे डायव्हर पट्ट्यांनी टाकी पाठीला बांधत आणि शिसे मोजून पाण्यात उतरत. खाली गेल्यावर तोल बदलायला फुप्फुसे आणि पाय यांखेरीज काही नसे. १९६१ मध्ये मोरिस फेंझी यांची गळ्यात घालायची फुगवण्याजोगी पिशवी आली. १९७१ मध्ये स्कूबाप्रोचे हात घालून चढवायचे जॅकेट आले आणि जगभरच्या डायव्हिंग शाळांनी ते उचलले. याच सुमारास फ्लोरिडाच्या जलमय गुहांत शिरणारे डायव्हर वेगळ्या वाटेने निघाले होते. गुहेत लोंबती नळी कुठे अडकली तर जिवावर बेतते, म्हणून त्यांनी साहित्य कमी कमी करत नेले: पाठीला धातूची सपाट प्लेट, तिच्या खाचांतून ओवलेली एकच अखंड पट्टी, आणि प्लेट व टाकी यांच्या मधे बसणारी हवेची पिशवी, म्हणजे ‘विंग’. विल्यम होगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावावरून या आटोपशीर मांडणीला ‘होगार्थियन’ हे नाव पडले.

गुहेतली मांडणी मालवणच्या उघड्या समुद्रात कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पाहुण्यासाठी जॅकेटच बरे: पटकन चढते, पटकन निघते, पृष्ठभागावर माणसाला सरळ धरून ठेवते. पण रोज पाण्यात उतरणाऱ्या गाइडसाठी प्लेट आणि विंग उजवी आहे, असे मी मानतो. तिच्यात मोडण्याजोगे प्लास्टिक जवळजवळ नाही. पट्टी विरली की नुसती पट्टी बदलायची, विंगला भोक पडले की नुसती विंग. हवा पाठीवर राहिल्याने शरीर आडवे राहते आणि फिन्स प्रवाळांपासून दूर राहतात. स्टीलची प्लेट स्वतःच अडीच-तीन किलोची असते, तेवढे शिसे कमरेवरून उतरते. ती ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची हवी. हलक्या स्टीलला बोल्टच्या कडांशी आणि खाचांत मिठाने गंज धरतो, आणि त्या खरबरीत कडेवर पट्टी घासून विरते.

जुळणी कशी करायची हे पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने येईल. पण हा विषय किती बारकाव्यांचा आहे याची चुणूक आधी द्यायला हवी. टाकी आवळणारा पट्टा नायलॉनचा असतो आणि नायलॉन भिजले की थोडे सैल पडते. होडीवर कोरडा पट्टा कितीही जोर लावून आवळा, पाण्यात उतरल्यावर टाकी हळूच खाली सरकते आणि डायव्हरच्या हाताला लागत नाही. म्हणून जुने गाइड नव्या पोराला सांगतात, “पट्टो पयलो भिजव, मगे आवळ.” पट्टा भिजवून बकल बंद केले की वरच्या मुठीला धरून सगळा सेट उचलायचा आणि एक हलका झटका द्यायचा. टाकी बोटभर जरी सरकली तरी पट्टा सोडून पुन्हा बांधायचा. टाकीच्या व्हॉल्व्हचे तोंड डायव्हरच्या मानेकडे हवे आणि ओ-रिंग, म्हणजे तिथली रबरी कडी, जागेवर, चिरेशिवाय हवी. खांद्याच्या पट्ट्या नवशिके हमखास घट्ट ठेवतात. त्या इतक्या मोकळ्या हव्यात की तळहात खाली सहज सरकेल आणि प्रसंगी कोणाच्या मदतीशिवाय हार्नेस उतरवता येईल. साज जागेवर धरून ठेवायचे काम कमरेच्या आणि मांड्यांमधून येणाऱ्या पट्टीचे आहे. ती मधली पट्टी अनेकांना नकोशी वाटते. ती नसली तर पृष्ठभागावर हवा भरताच सगळा सेट वर चढून मानेला भिडतो.

सुरक्षिततेचे प्रकरण या विषयात वेगळे काढता येत नाही. प्रत्येक जोडणीबरोबर ती कशी बिघडते हेही शिकावे लागते. पिशवीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणात खाऱ्या पाण्याचे स्फटिक धरले की बटण दाबलेल्या स्थितीत अडकते आणि पिशवी आपोआप फुगत जाते. त्या क्षणी एका हाताने हवा सोडत दुसऱ्या हाताने नळीचे क्विक-कनेक्ट ओढून तोडायचे असते, आणि हे डोळे मिटून जमले पाहिजे. म्हणून दिवस संपल्यावर गोडे पाणी नुसते बाहेरून ओतून भागत नाही. पिशवीच्या आत पाणी घालून, हलवून, खालच्या डंप व्हॉल्व्हमधून काढावे लागते. हवा नेहमी सर्वांत उंच बिंदूकडे जाते, हेही अंगात भिनायला हवे: डोके खाली असताना खांद्याची नळी कितीही दाबली तरी हवा निघत नाही, तेव्हा कमरेजवळच्या डंप व्हॉल्व्हची दोरी ओढायची. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा. खोल डाइव्हनंतर ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. हे थांबणे बॉयन्सीची खरी परीक्षा घेते, कारण तोवर टाकी हलकी झालेली असते. ११ लिटरच्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत २०० बारला सुमारे पावणेतीन किलो हवा असते. ती संपत आली की भरलेली असताना बुडणारी तीच टाकी तरंगू पाहते. म्हणून वजनाची तपासणी टाकीत ५० बार उरले असताना करतात. विंग रिकामी, श्वास नेहमीसारखा, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत आले तर शिसे बरोबर आहे.

तारकर्लीला शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तरणतलावाचे पाणी गोडे असते, समुद्राचे सुमारे अडीच टक्के जड. साहित्यासह १०० लिटर जागा व्यापणाऱ्या माणसाला तलावात जुळलेल्या वजनात समुद्रासाठी अडीच किलो वाढवावे लागतात. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. त्या मुखाजवळ, विशेषतः पावसाळा नुकताच सरलेला असताना, वरचे पाणी कमी खारे आणि खालचे जास्त खारे असू शकते. तिथे तलावातले आणि किल्ल्यामागचे असे दोन्ही आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पाहुण्याला घेऊन जाणाऱ्या गाइडच्या कामाबद्दल कुठल्याही परदेशी पुस्तकात पुरेसे लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून या पुस्तकात त्याला सर्वांत मोठी जागा आहे. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्या माणसाला आपले जॅकेट चालवता येत नाही. गाइड त्याच्या टाकीची मूठ वरून धरतो, एक हात त्याच्या इन्फ्लेटरवर ठेवतो आणि दोघांचा तोल एकटा सांभाळतो. पाहुणा घाबरून दीर्घ श्वास ओढतो तेव्हा त्याला लिटर-दोन लिटरची ओढ वर लागते. ती गाइडच्या मनगटाला आधी कळते, पाहुण्याला नंतर. चांगला गाइड त्या वेळी बटणाकडे धावत नाही. स्वतः श्वास सोडून भार घेतो, पाहुण्याच्या डोळ्यांत पाहून त्याला श्वास सोडायची खूण करतो आणि हवेला हात सर्वांत शेवटी लावतो. गाबीत आणि इतर मच्छीमार घरांतली जी मुले या धंद्यात आली त्यांना करंट, उधाण-भांग आणि खडपाची ओळख बापजाद्यांकडून मिळाली. तिच्या जोडीला यंत्राची आणि दाबाची शिस्त त्यांच्याच भाषेत त्यांच्यापर्यंत पोचावी, ही या लेखनामागची इच्छा आहे.

यात समुद्राचेही हित आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीची प्रवाळे येतात. पोरायटिस आणि टर्बिनारिया या प्रजातींच्या या वसाहती उथळ खडकांवर, पर्यटकाच्या फिन्सच्या अगदी टप्प्यात वाढतात. जादा शिसे बांधलेला माणूस तळाशी गुडघे टेकतो, हात टेकतो, आणि वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर वाढणारे प्रवाळ एका टेकण्याने तुटते. नुसत्या पाट्या लावून हे थांबणार नाही. शिसे कमी करून आणि आडवे तरंगायला शिकवून बरेचसे थांबेल.

या विषयाला आपल्या किनाऱ्यावर पूर्वसुरी आहेत. कोचीला नौदलाची डायव्हिंग शाळा आहे. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्व उभे राहिले. द्वारकेच्या समुद्रातले शोधकार्य आणि विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालच्या भिंतीचा अभ्यास डायव्हरांच्या हातांनीच झाला. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या सागरी जीवशास्त्रज्ञामुळे तिथे प्रशिक्षण आणि प्रवाळांचा अभ्यास हातात हात घालून चालले. पुढची कामे याहून मोठी आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक आहे. तिचा सर्वांत उथळ माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आखली गेली. बुडालेल्या जहाजाभोवती आणि उघड्या समुद्रातल्या प्रवाळ-पठारावर टाकीची मूठ धरून पाहुणा नेता येत नाही. तिथे प्रत्येकाला आपला तोल आपणच सांभाळावा लागेल.

हे पुस्तक प्रशिक्षकाची जागा घेत नाही. यातली एकही कृती प्रमाणित प्रशिक्षक शेजारी नसताना पाण्यात करून पाहू नये. पहिल्या दोन प्रकरणांना मात्र पाणी लागत नाही. एक प्लेट, साधारण चार मीटर पट्टी, डी-रिंगा आणि बकल घेऊन ओटीवर बसा, आणि पट्टीचे टोक पहिल्या खाचेत नेमके कोणत्या बाजूने घालायचे इथून सुरुवात करा.