फुरजा, कर्ताझ आणि वीरजी व्होरा

तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे पडत असल्यामुळे मोठी जहाजे सुरतेच्या किल्ल्यापर्यंत चढू शकत नसत. ती सुवाळीला नांगर टाकीत, आणि तेथून माल व माणसे पडावांतून अथवा बैलगाड्यांतून शहराकडे येत. परंतु वाट कोणतीही असो, तिचा शेवट किल्ल्याला लागून असलेल्या फुरजावर, म्हणजे जकातघरावर, ठरलेलाच असे. मोगल अमदानीत मुत्सद्दी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदराच्या अधिकाऱ्याची हुकमत येथे चाले. ताव्हेर्निये आणि तेव्हनो या दोन्ही फ्रेंच प्रवाशांनी येथील झडतीचे वर्णन केले आहे. गाठोडी सोडली जात हे तर झालेच, पण उतारूचे अंगही चाचपले जाई आणि डोक्यावरचे पागोटे व कमरेचा पट्टादेखील संशयातून सुटत नसे. जकातीचा दर माणसागणिक निराळा होता. 1665 साली औरंगजेबाने मुसलमान व्यापाऱ्यास शेकडा अडीच आणि हिंदू व्यापाऱ्यास शेकडा पाच असा भेद कायम केला. म्हणजे मालाची किंमत ठरण्याआधी मालकाचा धर्म ठरे, आणि जो आपण कोण हे सांगू शकत नसे त्याच्यासाठी फुरजाच्या वहीत रकानाच नव्हता.

समुद्रावर दुसरी चौकी होती, ती पोर्तुगीजांची. त्यांचा कर्ताझ नावाचा परवाना जवळ नसलेले गलबत ते बेधडक जप्त करीत, मग ते खुद्द बादशहाच्या घरचे का असेना. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा ह्या परवान्यापायी तिला सुमारे वर्षभर सुरतेत तिष्ठत राहावे लागले. परवान्यावर येशू व मेरी यांच्या आकृती असत. त्यामुळे असा कागद बाळगून हजला जाणे धर्मसंमत आहे काय, असा वाद दरबारातील उलेमांनी घातला. बरे, कागद असला तरी निभाव लागेलच असे नाही. 1613 साली जहांगीरच्या मातोश्रींचे ‘रहीमी’ जहाज कर्ताझ असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ धरून नेले. आपल्या अभिमानाला थोडा चिमटा बसला तरी हेही नमूद केले पाहिजे की, पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणकिनाऱ्यावर स्वतःच्या दस्तकांचा हाच दंडक चालविला.

ह्या दोन चौक्या सरकारी झाल्या. तिसरी पेढीची होती, आणि माझ्या मते सर्वांत चिवट तीच. सुरतेत पैसा हुंडीने फिरे, आणि त्यातही शाहजोग हुंडीचे वैशिष्ट्य असे की, तिची रक्कम बाजारात पत असलेल्या कोणा ‘शहा’च्याच हाती पडावी. परगावच्या अनोळखी इसमाने ती आणून दाखविली तर सराफ तिच्याकडे पाही, मग त्या इसमाकडे पाही, आणि ओळखीच्या पेढीमार्फत येण्यास सांगे. ह्यात चोराला आळा बसे हे खरेच. पण नवख्याला दुसऱ्याच्या नावाच्या आडोशाने उभे राहावे लागे, आणि त्या आडोशाची दलाली द्यावी लागे.

असे आडोसे देणारे मूठभर असले म्हणजे काय होते, ह्याचे उत्तर वीरजी व्होरा या व्यापाऱ्याच्या चरित्रात सापडते. मिरी, पोवळे आणि युरोपातून येणारा माल त्याच्या हाती असे. इंग्रजांची कोठी त्याच्याच कर्जावर तगलेली. ह्या कोठीतील इंग्रज कारकुनांच्या 1643 च्या पत्रात अशी तक्रार आहे की, युरोपीय मालाचा वीरजी हा एकमेव मक्तेदार होऊन बसला असून लहान व्यापारी जास्त भाव देण्यास राजी असले तरी त्याच्या धाकाने पुढे येत नाहीत. तक्रार लिहून झाल्यावर कोठीवाले पुन्हा त्याच्याच पेढीवर कर्जाला जात. एवढे ऋण असताना त्याला दुखवून चालणार नाही, हेही त्यांना पुरते ठाऊक होते.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. शहर मोठे, वस्ती अफाट. पण खंडणी ठरविण्यास त्यांनी बोलावणे धाडले ते शहराचा अधिकारी इनायतखान याला आणि हाजी सय्यद बेग, हाजी कासीम व वीरजी व्होरा ह्या तीन धनिकांना. शहराचा पैसा कोणत्या दारांतून जातो-येतो ह्याची महाराजांना असलेली ही माहिती इंग्रजांच्या पत्रव्यवहाराइतकीच चोख म्हटली पाहिजे. इनायतखान किल्ल्यात दडला, कोणी आले नाही, आणि वीरजीचा वाडा लुटला व जाळला गेला. बादशहाने पुढे व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली. फुरजा मात्र जागच्या जागी राहिला. दोन वर्षांनी, 1666 मध्ये, तेव्हनो सुरतेत उतरला. वीरजीशी त्याचा स्नेह जमला, आणि एवढ्या लुटीनंतरही ह्या गृहस्थाची मालमत्ता निदान 80 लाखांची मानली जाते, असे त्याने लिहून ठेवले.